‘सिगारेट नाही हो मॅडम, नुसती वाफ’

श्वासाविषयी वाचकांचे प्रश्न आणि साताऱ्याच्या छातीविकारतज्ज्ञ डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात घोरण्यावर लिहिताना जाता जाता वेपचा, म्हणजे बॅटरीवरच्या ई-सिगारेटचा, उल्लेख केला होता, जेमतेम चार ओळींचा. त्यावर आलेली पत्रं पाहून या महिन्यात घोरणारे, दमेकरी आणि कबुतरांनी हैराण झालेले अशा सगळ्यांना रांगेत थांबवलंय. गंमत म्हणजे ‘वेप सोडायचा कसा’ असं विचारणारी पत्रं दोनच. बाकीचे सोडून बसलेत आणि आता हिशेब मागतायत: सोडला ना, मग दम अजून का लागतो?

पत्रांकडे वळण्याआधी माझी एक चूक सांगून टाकते. चार-पाच वर्षांपूर्वी १९ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. खोकला, जिना चढताना धाप. मी विचारलं, “सिगारेट?” तो म्हणाला, “नाही मॅडम.” खोटं बोलत नव्हता. तंबाखू? नाही. घरात कुणाला दमा? आत्याला. झालं, मी दम्याच्या वाटेला लागले. दोन महिने पंप दिला, फरक शून्य. तिसऱ्या खेपेला बरोबर धाकटी बहीण होती, आठवी-नववीतली. आई पैसे द्यायला बाहेर गेली तशी ती हळूच म्हणाली, “डॉक्टर, दादा आंब्याची वाफ घेतो.” दादाने खिशातून काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं पेन ड्राइव्ह आहे.

तेव्हापासून माझा प्रश्न बदललाय. “तोंडाने काही ओढतोस का? धूर, वाफ, काहीही?” असं विचारते, आणि त्याआधी आईवडिलांना बाहेर बसवते.

प्र. मॅडम, मी २१ वर्षांचा आहे. घर गोडोलीत, शिकायला पुण्यात. अडीच वर्षं वेप ओढला. वापरून फेकायचे मिळतात ते, आठवड्याला एक तरी संपायचा. सोडून ५ आठवडे झाले. ओढत होतो तेव्हा खोकला नव्हता, सोडल्यावर सुरू झाला. सकाळी बेडका पडतो. सुट्टीत घरी आलो आणि अजिंक्यताऱ्यावर निघालो तर तीनदा थांबावं लागलं. शाळेत असताना पळत जायचो. फोनवर एक तक्ता मिळाला, त्यात ७२ तासांत श्वास मोकळा आणि ९ महिन्यांत फुप्फुस साफ असं लिहिलंय. माझंच काही बिघडलंय का? (नाव छापू नका.)

उ. आधी तो तक्ता फोनमधून काढून टाक. तो तुझा नाहीच, सिगारेटवाल्यांचा आहे. कुणीतरी वरचं नाव बदलून वेपवाल्यांना चिकटवलाय.

सिगारेट जळते. जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीने चिकटतो. सिगारेट थांबली की एक-दोन दिवसांत तो उतरतो, ऑक्सिजनला जागा मिळते, माणसाला हलकं वाटतं. तक्त्याच्या पहिल्या ओळी त्यावर उभ्या आहेत. वेपमध्ये काही जळत नाही, तापतं. बॅटरीवर तार तापते आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि चवीची रसायनं यांचे अतिबारीक थेंब उडतात. तुम्ही पोरं तिला वाफ म्हणता, पण भांड्यावर झाकण ठेवल्यावर जी धरते ती वाफ वेगळी. हे तेलकट-गोड थेंब आहेत, सोबत तापल्यामुळे तयार झालेलं फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन आणि तारेतून सुटलेलं थोडं निकेल-क्रोमियमही असतं. तुझ्या रक्तात उतरण्याजोगा कार्बन मोनॉक्साइड फारसा नव्हताच, त्यामुळे तिसऱ्या दिवशी कुठलाही चमत्कार घडायचा नव्हता.

आता खोकला. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात. भाताच्या शेतावरून वारा गेला की लाट एकाच बाजूला सरकत जाते ना, तसे ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात, आणि त्यांची लाट घशाकडे जाते. त्यांच्या डोक्यावर चिकट पाण्याचा पातळ थर असतो. दिवसभरातली धूळ, जंतू त्या थराला चिकटतात, वर सरकतात आणि घशाशी आले की आपण गिळून टाकतो. आयुष्यभर गिळतो आणि पत्ताही लागत नाही. निकोटीनच्या फवाऱ्याने हा थर दाट होतो आणि तंतूंची गती मंदावते. प्रयोगशाळेत माणसाच्या श्वासनलिकेतल्या पेशींवर हे पाहिलं गेलंय. म्हणजे ओढत होतास तेव्हा खोकला नव्हता, त्याचं एक कारण कचरा वर येतच नव्हता हेही असू शकतं. आता तंतू कामाला लागलेत, साठलेलं वर येतंय. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत ओसरतं, काहींचं दोन-तीन महिने रेंगाळतं. पाणी नीट पी आणि बेडका थुंकून टाक. खोकला दाबायचं औषध स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. जे बाहेर पडू पाहतंय त्याला आत कोंडण्यात अर्थ नाही.

पण इथवर वाचून ‘चला, सफाई चाललीय’ म्हणून पान उलटू नकोस. तुझा खोकला ५ आठवड्यांचा आहे. आपल्या देशात दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकी तपासायची, मग खोकणारा वेपवाला असो नाहीतर कीर्तनकार. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. हॉस्टेलवर एका खोलीत चौघं झोपणाऱ्याने तर ती करावीच. बहुधा काही निघणार नाही. निघालं तर वेळेवर कळलं म्हण.

आणि गड. तीनदा थांबलास त्याचं सगळं खापर फुप्फुसावर फोडू नकोस. चढणीवरचा दम हा फुप्फुस, हृदय आणि पाय या तिघांचा सामाईक धंदा आहे. फुप्फुसात ३० कोटींच्या आसपास वायुकोश आहेत, निरोगी तरुण माणसात ही बाजू सहसा शेवटी कमी पडते. आधी मांड्या हात वर करतात. अडीच वर्षांत तू किती पळालास हे पत्रात लिहिलेलं नाहीस, ते मी ओळखते. वेप ओढणारी मुलं जिन्यावर धाप लागते म्हणून चालणं टाळतात आणि चालणं टाळलं की पुढच्या जिन्याला आणखी धाप लागते.

तेव्हा तुझा तक्ता तू बनव. दर रविवारी, त्याच वेळेला, गडाच्या रस्त्यावर त्याच वळणापासून दरवाजापर्यंत. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: किती वेळ लागला, किती वेळा थांबलो, आणि वर पोचल्यावर लगेच व मग एका मिनिटाने नाडी किती. सुधारणा होत असेल तर त्या एका मिनिटात नाडी जास्त उतरायला लागते. घड्याळाचा वेळ बदलायच्या आधी हे दिसतं. आणखी एक घरगुती माप: चालता चालता ‘शुभंकरोति कल्याणम्’ची ओळ न तुटता म्हणता येते का? येत असेल तर वेग बरोबर आहे. ‘कल्या’वर तुटत असेल तर हळू हो. मीसुद्धा चढते, ६१ व्या वर्षी, काठी घेऊन. दोनदा थांबते, एकदा गुडघ्यासाठी आणि एकदा गप्पांसाठी. सहा आठवडे वही लिही. आकडे जागचे हलले नाहीत तर वही घेऊन कुठल्याही छातीच्या डॉक्टरकडे जा. त्या वहीतून त्याला तुझ्या पत्रापेक्षा जास्त कळेल.

प्र. मी २६ वर्षांची, विश्रामबाग, सांगली. दीड वर्ष वेप केला, ऑफिसमधल्या मैत्रिणींबरोबर. १७ दिवसांपूर्वी सोडला. तेव्हापासून हवा पुरत नाही. मोठा श्वास घेते तरी तो ‘पूर्ण’ होत नाही. बोटांना मुंग्या येतात. रात्री पॉपकॉर्न लंगबद्दल वाचत बसते. मला तेच झालं असेल का? घरी कुणालाच माहीत नाही.

उ. अगदी तुझ्यासारखीच एक मुलगी मागच्या पावसाळ्यात माझ्यासमोर बसली होती. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८. बोलता बोलता मी नुसतं मोजत होते. पाच मिनिटांत तिने अकरा वेळा खांदे उचलून उसासा टाकला. व्हरांड्यात सहा मिनिटं चालवलं, तरी ९८ च. शेवटच्या फेरीला तिला फोन आला, ती बोलत चालली आणि तेवढा वेळ एकही उसासा नाही. फोन ठेवला, पुन्हा खांदे वर.

ज्याची हवा खरंच कमी पडते त्याला चालताना जास्त त्रास होतो आणि बसल्यावर बरं वाटतं. तुझं उलट आहे का बघ: बसल्यावर, अंथरुणावर, लक्ष गेलं की त्रास. निकोटीन रक्तातून फार लवकर उतरतं, साधारण दर दोन तासांनी निम्मं. मेंदूची सवय मात्र एवढ्या लवकर उतरत नाही. तल्लफ, चिडचिड, धडधड पहिल्या दोन-तीन दिवसांत टोकाला जातात आणि तीन-चार आठवडे हळूहळू विरत जातात. तू त्याच टप्प्यात आहेस. त्यात दीड वर्ष दिवसाला शंभर-दोनशे वेळा तू मुद्दाम खोल श्वास ओढत होतीस, तोही गोड चवीचा. आता साध्या हवेचा श्वास फिका वाटतो. म्हणून पुन्हा पुन्हा मोठा घेतेस, जास्त श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, भीती वाढते, आणखी मोठा श्वास. या फेऱ्यात ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला म्हणजे आगीत तेल.

त्याऐवजी श्वास लहान कर. खुर्चीत टेकून बस, एक हात पोटावर. नाकाने साधाच श्वास घे आणि ओठांचा चंबू करून, चहावर फुंकर मारतो तसा, घेतल्याच्या दुप्पट वेळ सोड. सोडण्याकडे लक्ष दे, घेणं आपोआप होतं. पाच मिनिटं, दिवसातून चारदा. पूर्वीपासून अनुलोम-विलोम करत असशील तर चालू ठेव, पण श्वास रोखून धरायचे प्रकार सध्या नकोत.

पॉपकॉर्न लंग: हे नाव अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात २००० साली एका पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांमुळे पडलं. लोण्याचा वास देणारं डायअ‍ॅसिटिल ते रोज हुंगत होते आणि त्यांच्या सगळ्यात बारीक श्वासनलिका व्रण पडून आखडल्या. काही वेपच्या द्रवांत डायअ‍ॅसिटिल सापडलंय हे खरं. म्हणून प्रत्येक खोकणाऱ्या वेपवाल्याला तो आजार झाला असं नव्हे. तो आजार असा मुंग्या आणि उसाशांनी येत नाही, चालण्यातला दम महिनोन्‌महिने वाढत जातो. २०१९ मध्ये अमेरिकेत आणखी एक प्रकार झाला, त्याचीही छायाचित्रं तुला रात्री दिसली असतील. वेपमुळे फुप्फुसाला एकाएकी इजा होऊन फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा मरण पावले, त्यात मृत्यू ६८. त्यातल्या बहुतेकांनी गांजाच्या अर्काचे वेप वापरले होते आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर मुख्य ठपका आला. ते आजारी पडले ते वापर चालू असताना किंवा थांबवल्यानंतर थोड्याच काळात, ताप, धाप, उलट्या अशा थाटात.

तरी एकदा तपासून घे, मनाच्या समाधानासाठी नव्हे, कारण छातीत खरंच काही असेल तर मी इथून ते पाहू शकत नाही. आणि घरी एका तरी माणसाला सांग. आईला नको तर वहिनीला सांग. रात्री दोनला फोन उघडण्यापेक्षा वहिनीला उठवलेलं बरं.

प्र. मॅडम नमस्कार. कोरेगाव तालुक्यातला आहे, वय २०, पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर ५ मिनिटं ४० सेकंदांत मारत होतो. ॲकॅडमीतल्या एकाने वेप दिला, म्हणाला टेन्शन कमी होतं. आठ महिन्यांत टायमिंग ६.२५ वर गेलं. सोडून २० दिवस झाले, आता ६.१० आहे. ग्राउंडला अडीच महिने आहेत. जुनं टायमिंग येईल का? तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र घेऊ का? आणि मेडिकलवाला म्हणतो पळायच्या आधी पंप मार.

उ. २० दिवसांत १५ सेकंद तू कमावलेस, हे उत्तरच आहे की.

निकोटीनने नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. सुरुवातीच्या रेषेवर उभा असतानाच तुझं हृदय अर्धा फेरा पळून आलेलं असायचं. ते तर थांबलंच. श्वासनलिकांची चुरचुर आणि कफ येत्या आठवड्यांत कमी होईल. उरलेले सेकंद सरावातून येतील, तिथे घाई केलीस तर नडगी दुखवून बसशील. आठवड्यातले दोन दिवस ४०० मीटरचे तुकडे, मध्ये चालत विश्रांती. एक दिवस लांब आणि संथ, बोलता येईल इतका संथ. उरलेल्या दिवशी हलकं. १६०० चं टायमिंग रोज लावू नकोस, दहा दिवसांनी एकदा बस्स.

तीन गोळ्यांचं यंत्र फुंकायचं नसतंच, ओढायचं असतं. ते पोटाचं-छातीचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या फुप्फुसाचा तळ मिटू नये म्हणून देतात. तुझ्या धावण्याला त्याचा उपयोग नाही, ते पैसे बुटांवर घाल. पंप दमेकऱ्यासाठी. दमा नसताना मारलास तर हात थरथरतील, धडधड वाढेल, वेळ तोच राहील. पळून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी छातीत शिट्टी वाजत असेल तर गोष्ट वेगळी, मग तपासणी करून डॉक्टरकडून घे, दुकानदाराकडून नको.

आणि ज्याने वेप दिला तो अजून ॲकॅडमीत असेल तर त्याच्या शेजारची खाट बदल.

प्र. मी मिरजेची गृहिणी. मुलगा १६ वर्षांचा. त्याच्या कंपासपेटीत हायलायटरसारखं काहीतरी सापडलं, ते वेप निघालं. वडिलांनी मारलं. आता १२ दिवस झाले त्याने हात लावलेला नाही, पण चिडतो, झोपत नाही, सारखं खातो. एक्स-रे काढला, नॉर्मल आला. सीटी स्कॅन करावा का? एका जाहिरातीत ‘फुप्फुस डिटॉक्स’चा काढा आहे, तो देऊ का? सासूबाई म्हणतात, पोराला घराण्याचं नाव नाही. त्या स्वतः दिवसातून चार वेळा मशेरी लावतात.

उ. ताई, १२ दिवस हात लावला नाही म्हणजे पोराने अवघड घाट चढलाय, आणि तो मार खाऊन नव्हे, मार खाऊनही. चिडणं, जागरण, भूक ही तिन्ही निकोटीन उतरल्याची लक्षणं. आणखी दोन-तीन आठवडे धरा. हाताशी चणे-फुटाणे, काकडी, बडीशेप ठेवा आणि संध्याकाळी दमवणारा कुठलाही खेळ. रात्री झोप नाही म्हणून दिवसा झोपू देऊ नका.

हा मुलगा किती खोल गेला होता हे घरच्यांना सहसा कळत नाही. त्या पेनांवर ‘५ टक्के’ असं छापलेलं असतं. ते म्हणजे एका मिलिलिटरला सुमारे ५० मिलीग्रॅम निकोटीन. त्यात आम्ल घालून निकोटीनचा क्षार करतात, त्यामुळे घशाला ठसका लागत नाही. सिगारेटच्या पहिल्या झुरक्याला आपल्या पिढीतली पोरं खोकून बेजार व्हायची आणि निम्मी तिथंच सुटायची. या वस्तूने तो ठसकाच काढून टाकला, वर आंबा-लिचीचा वास दिला. शिवाय २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी शाळेच्या आसपास मिळतं, म्हणजे चोरट्या वाटेने येतं, आणि चोरट्या मालाच्या वेष्टणावर काय लिहिलंय त्याला काय अर्थ? कुणाकडून घेतलं हे त्याला शांतपणे विचारा. नाव कळलं तर पोरावर ओरडण्यापेक्षा विकणाऱ्याची तक्रार करा.

सीटी नको. एक्स-रे नॉर्मल आहे, पोराला धाप नाही, ताप नाही, थुंकीत रक्त नाही. मग किरणोत्सर्गाचा जास्तीचा डोस वाढत्या अंगाला कशाला? हवीच असेल तर स्पायरोमेट्री करा. नाकाला चिमटा लावून नळीत जोरात फुंकायचं आणि पुढचे काही सेकंद फुंकतच राहायचं. आमच्याकडे ही चाचणी घेणारा गडी असा ओरडतो, “फुंक फुंक फुंक, अजून, अजून, अजून!” की बाहेर बसलेल्यांना वाटतं आत कुस्ती लागलीय. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली यावर नळ्या आवळल्यात का ते कळतं. एक्स-रेला ते दिसत नाही.

काढा देऊ नका. फुप्फुस धुवायचं औषध कुणाकडेही नाही, माझ्याकडेही नाही. काढा पोटात जातो, फुप्फुसाची वाट वेगळी. जी सफाई व्हायची ती त्याची त्याची चालू आहे, फक्त पुन्हा घाण जाऊ नये एवढं बघायचं. निकोटीनची च्युइंगगम मोठ्यांसाठी चांगली, पण १६ वर्षांच्या मुलाला डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोनसेवा आहे. मुलाला स्वतः बोलू द्या, तुम्ही दाराबाहेर थांबा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. नातवाच्या पेनात आणि त्यांच्या डबीत एकच निकोटीन आहे. घराण्याचं नाव डबीपासूनच चालत आलंय. (हे वाक्य तुम्ही म्हणू नका, मासिक त्यांच्या हाती लागेल असं ठेवा.)

प्र. तासगाव. वय ३४. द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. तीन वर्षं वेप, चार महिन्यांपूर्वी पूर्ण बंद. डिसेंबर-जानेवारीत एकदम मस्त होतो, खोकला गेला, जिना पळत चढायचो. बेदाण्याचा सीझन सुरू झाला आणि पुन्हा खोकला, रात्री छातीत शिट्टी. वेप ओढत होतो तेव्हा असं झालं नव्हतं. फुप्फुस कायमचं गेलं का? कधी कधी वाटतं, परत ओढला तर बसेल.

उ. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण रोगाचं निदान तुम्हीच लिहून पाठवलंय आणि तुम्हाला ते दिसत नाहीये. डिसेंबर-जानेवारीत मस्त. सीझन सुरू, खोकला सुरू. मग दोष वेप सोडण्याचा की शेडचा?

बेदाणा पिवळा राहावा म्हणून तुम्ही गंधकाची धुरी देता. गंधक जळला की सल्फर डायऑक्साइड होतो, आणि तो ओल्या जागी, म्हणजे डोळे, नाक, श्वासनलिका इथे विरघळून आम्लासारखा चावतो. निरोगी माणसाला ठसका लागतो. ज्याच्या नळ्या आधीच हुळहुळ्या आहेत त्याला फार थोड्या गंधकानेही त्या आवळतात. तीन वर्षांच्या वेपने तुमच्या नळ्या हुळहुळ्या केल्या असतील, किंवा तुमच्यात लपलेला दमा होता आणि तो आता वर आला. दोन्हीत नळ्या आवळतात, आणि ते तपासता येतं. स्पायरोमेट्री पंपाच्या आधी एकदा आणि पंपानंतर पंधरा मिनिटांनी पुन्हा करायची. दुसऱ्या वेळी पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली तर आवळलेली नळी औषधाने उघडते असं ठरतं. ‘कायमचं गेलं’ याच्या बरोबर उलटी गोष्ट आहे ती. आणि चाचणी सीझनमध्येच करा. जूनमध्ये केलीत तर बहुधा चांगली येईल आणि तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

‘ओढत होतो तेव्हा असं झालं नव्हतं’ हे मला फार वेळा ऐकायला मिळतं. त्या वेळी सकाळचा खोकला तुम्ही रोजचाच धरला होतात, म्हणून धुरीचा वेगळा कळला नाही. आता मधले दोन महिने छाती मोकळी होती, त्यामुळे फरक टोचतोय. परत ओढलात तर एवढंच होईल की दोन त्रास पुन्हा एकमेकांत मिसळतील.

तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, गंधक नाही. कोविडमधला एन-९५ सुद्धा वायू अडवत नाही. आम्लवायूसाठीच्या डब्या लावलेला मुखवटा वेगळा मिळतो, शेतीच्या औषधफवारणीचं साहित्य ठेवणाऱ्या दुकानात ‘अ‍ॅसिड गॅस’ म्हणून विचारा. धुरी पेटवून लगेच बाहेर पडा, दार उघडल्यावर शेड हवेशीर होऊ द्या आणि मग आत जा. घाईत पहिलं आत शिरणारा सहसा मालक नसून मजूर बाई असते, तेव्हा हे त्यांच्यासाठीही.

एक छोटं यंत्र मिळतं, पीक फ्लो मीटर, प्लास्टिकची नळी आणि सरकणारा काटा, काही शे रुपयांत. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, पुढे ‘शेड’ किंवा ‘घर’ एवढंच. दोन आठवड्यांची ती यादी मला या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. तुमची हरकत नसेल तर नावाशिवाय पुढच्या अंकात छापीन. तुमच्या भागात असे बरेच जण असणार. रात्री शिट्टीने झोपमोड होत असेल तर मात्र माझ्या अंकाची वाट न बघता या आठवड्यातच डॉक्टर गाठा.

थोडक्यात

*निकोटीन नसलेला वेप चालेल का? (वाई)*
ग्लिसरीन तेच, तार तीच, चवीची रसायनं तीच. तलफ नाही म्हणून बरा, फुप्फुसासाठी म्हणून नाही. आणि ‘निकोटीन नाही’ असं चोरट्या मालावर लिहिलेलं असतं, पुन्हा तेच.

*वेप सोडला, अधूनमधून सिगारेट घेतो. तेवढं चालतं ना? (कराड)*
नाही. तवा सोडून चुलीत हात घातलात.

*निकोटीनची गम चघळली की उचकी आणि मळमळ होते. (सातारा)*
शेंगदाण्यासारखी चावताय. दोन-चारदा हळू चावा, जिभेला चुणचुण लागली की गालात दाबून ठेवा, चुणचुण गेली की पुन्हा चावा. एक गम अर्धा तास पुरते. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नको.

*सोडून वर्ष झालं, स्पायरोमेट्री नॉर्मल, काही त्रास नाही. आता दरवर्षी काय तपासायचं? (सांगली)*
काही नाही. मजा करा. पुन्हा कुणी पार्टीत पुढे केला तर डबीतल्या पहिल्या तंबाखूसारखा समजा.

*गूळ खाल्ल्याने फुप्फुसातली घाण निघते, असं आमचे वडील सांगतात. गिरणीत कामगारांना द्यायचे म्हणे. (पाटण)*
द्यायचे, माझे मामाही खात. घास अन्ननलिकेने पोटात जातो, फुप्फुसात उतरला तर त्याला ठसका म्हणतात. वडिलांशी वाद घालू नका, शेंगदाण्याबरोबर खा. नवा गूळ असेल तर आमच्याकडे अर्धा किलो पाठवायला हरकत नाही.